होकार वगळून शंभर वॅट

तळीकोंड गावात एक अँप्लिफायर आहे. गुहागर तालुक्याच्या आतल्या अंगाला, समुद्रापासून लांब आणि डांबरी रस्त्यापासून त्याहून लांब असलेल्या या गावाला एकच अँप्लिफायर असावा, यात नवल वाटण्यासारखं काही नाही. सत्यनारायण, लग्नं, नमनाचे खेळ आणि ग्रामसभा त्याने सारख्याच निष्ठेने पार पाडल्या. ग्रामसभेत तो मधूनच बंद पडे, त्याबद्दल मात्र आम्ही कधी तक्रार केली नाही.

त्याचा मालक महिपत. त्याच्या टेंपोवर 'महिपत साऊंड सर्व्हिस, ५००० वॅट' असं लाल अक्षरांत लिहिलेलं आहे. यंत्र मुंबईहून आलं तेव्हा खोक्यावर हजार वॅट छापलेले होते. कर्णे दोन, म्हणून महिपतने ते दोन हजार धरले. पुढे शेजारच्या गावातल्या साऊंडवाल्याने आपल्या टेंपोवर चार हजार लिहिले, तेव्हा महिपतने रंगाचा डबा आणला. वॅट म्हणजे नेमकं काय, हे गावात कोणी विचारलं नाही. लग्न ठरवताना 'पाच हजार वॅट' म्हटलं की समोरची मंडळी गप्प बसत, आणि वॅटचा एवढा उपयोग आम्हाला पुरेसा होता.

अशा सुखाच्या काळात तालुक्याला 'ध्वनिशक्ती पडताळणी कक्ष' सुरू झाला. कारण रास्त होतं. एका बाजारपेठेच्या गावात मिरवणुकीला डीजेच्या खोक्यांची भिंत लागली आणि तिच्या हादऱ्याने दवाखान्याच्या काचा तडकल्या. लोकांनी ओरड केली, ती डीजेपुढे ऐकू गेली नाही, म्हणून लेखी केली. यंत्रणा हलली आणि परिपत्रक निघालं: 'धार्मिक व सामाजिक कार्यक्रमांत वापरावयाच्या ध्वनिवर्धकाची प्रत्यक्ष शक्ती शंभर वॅटपेक्षा अधिक नसावी व ती कक्षाकडून मोजून घेण्यात यावी.' मोजण्यासाठी कक्षाला एक खोली, एक जीप, एक निरीक्षक आणि पिवळ्या रंगाचा एक मल्टिमीटर मिळाला.

कक्षाने पहिल्यांदा अर्थातच ती डीजेची भिंत मोजली. मीटर लावला, तर पडद्यावर आकडाच येईना. एवढं मोजण्याची त्याची कुवत नव्हती. आकडा नाही म्हणजे मर्यादेचं उल्लंघन सिद्ध होत नाही, असा अभिप्राय देऊन भिंतीला परवानगी मिळाली. मग जे मोजता येण्यासारखं आहे त्याकडे कक्षाने लक्ष वळवलं, आणि त्यात तळीकोंड आलं.

आम्हाला अँप्लिफायर हवा होता तो शिमग्यासाठी, आणि शिमग्यातही एकाच गोष्टीसाठी. केदारलिंगाची पालखी सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधल्या दगडी चौथऱ्यावर, बसली की गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं असतं. तो मान भागोजीबाबांचा. ते देवापुढे एकेक मागणं मोठ्याने मांडतात आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' असा होकार देतो. होकार आल्याशिवाय पुढचं मागणं मांडायचं नाही, अशी रीत आहे. मुंबईला कामाला असलेली पोरं, बोटीवर गेलेले, अडलेली लग्नं, अंथरुणाला खिळलेली माणसं, वाडीवाडीतलं माणूस न् माणूस भागोजीबाबांना पाठ. स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी काही मागितलं नाही. ज्याचा मान त्याने आपल्या घराचं मध्ये आणू नये, असं त्यांचं म्हणणं.

यंदा त्यांच्या घशात गाठ निघाली. रत्नागिरीला ऑपरेशनची तारीख मिळाली ती शिमग्यानंतरची. त्यानंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आणि हेही सांगितलं, की तोवर तोंड बंद ठेवलंत तर एका गाऱ्हाण्यापुरता आवाज शिल्लक राहील. त्या दिवसापासून भागोजीबाबा हातवाऱ्यांनी बोलू लागले, आणि त्यांचं म्हणणं त्यांची बायको सखूकाकी लोकांना सांगू लागली. जो काही आवाज उरला होता तो घोगरा आणि पुसट होता, कर्ण्याशिवाय सहाणेच्या कडेपर्यंतही गेला नसता. म्हणून आम्ही कक्षाकडे अर्ज केला.

निरीक्षक आले. शुभंकर साहेब पुण्याचे, इंजिनिअर झालेले, वयाने तरुण. माणूस वाईट नव्हता. या यंत्रणांमध्ये वाईट माणसं फार थोडी असतात, म्हणूनच तर त्या इतक्या टिकतात. साहेबांनी सहाणेजवळच्या मांडवात खुर्ची घेतली, आम्ही त्यांच्यासाठी पंखा लावला, आणि त्यांनी पहिला प्रश्न महिपतला विचारला.

"टेंपोवर पाच हजार वॅट लिहिलंय?"

"ता टेंपोचा हाय, सायेब," महिपत म्हणाला. "ह्यो बिचारा पन्नासचा बी नसंल. म्हातारा झालाय."

आयुष्यभर पाच हजारांची शपथ घेणारा माणूस पन्नासवर आलेला पाहून आमची मान खाली गेली. पण काम गावाचं होतं, म्हणून आम्हीही पन्नासच म्हणालो.

साहेबांनी रीत समजावून सांगितली. कर्ण्याच्या तारांवरचे व्होल्ट मोजायचे, त्यांचा वर्ग करायचा, आणि कर्ण्यावर छापलेल्या ओहमच्या आकड्याने भागायचं, की वॅट निघतात. व्होल्ट जरा चुकले तर वर्ग करताना ती चूक जवळपास दुप्पट होते, हे त्यांनीच सांगितलं, आणि लगेच मीटर हातात घेतला.

"आवाज कसला लावू?" महिपतने विचारलं. "मोबाइलवर एकसुरी शिट्टी हाय. आकडा हलायचा न्हाय."

"शिट्टी हा धार्मिक कार्यक्रम नव्हे," साहेब म्हणाले. "परिपत्रकात 'प्रत्यक्ष वापरातील आवाज' असं म्हटलंय. तुमचा वापर कशासाठी?"

"गाऱ्हाण्यासाठी."

"मग गाऱ्हाणं घाला."

सखूकाकी बायकांतून पुढे आल्या. "सायेब, त्यांचा आवाज येका गाऱ्हाण्यापुरता उरलाय. तो शिमग्याला ठेवलान हाय. आता खर्च झाला तर मंग देवापुढं काय बोलतील?"

"काकी, एकच वाक्य. मोजल्याशिवाय परवानगी नाही, आणि परवानगीशिवाय शिमग्याला माईक नाही."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. आवाज वापरायला मिळावा म्हणून आवाज वापरून दाखवायचा, एवढंच होतं. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष रावजी खास सुट्टी काढून आले होते, त्यांनीही समजूत घातली. "बाबा, एकच वाक्य बोला. गावासाठी." आम्ही सगळेच म्हणालो, की बाबा, गावासाठी.

अडचण वेगळीच निघाली. देवाच्या समोर खोटं गाऱ्हाणं घालता येत नाही. 'चाचणी, चाचणी, एक, दोन, तीन' हे देवाकडे मागावं असं काही नव्हे. भागोजीबाबा देवळाकडे तोंड करून, समोर जे खरं होतं तेच बोलले.

"बा देवा केदारलिंगा! ह्यो सायेब लांबून आलाय, त्याच्या मीटराला सुबुद्धी दे..."

"व्हय म्हाराजा!"

आम्ही काही ठरवून म्हणालो नाही. गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला आणि शेवटी बाबा थांबले की तोंडातून ते निघतंच. लहानपणापासूनची सवय आहे. जीपचा ड्रायव्हर बाबू, जो गुहागरचा, तोही सरकारी गणवेशात हात जोडून म्हणाला. माईक मधोमध होता. मीटरच्या आकड्यावरून एकशे चाळीस वॅट निघाले.

"हे काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"होकार," रावजी म्हणाले.

"अर्जात होकाराचा उल्लेख नाही."

तो नव्हता हे खरं. श्वास घेण्याचा उल्लेखही आम्ही अर्जात केला नव्हता. साहेबांनी होकार न देण्याची ताकीद देऊन चाचणी पुन्हा घ्यायला लावली. या वेळी आम्ही ओठ घट्ट मिटून उभे राहिलो. बाबांनी एक मागणं मांडलं आणि थांबले. होकार आला नाही. ते वाट पाहत राहिले. होकाराशिवाय पुढे जायचं नाही हे पन्नास वर्षांत त्यांच्या घशात इतकं बसलं होतं, की पुढचा शब्दच येईना. पण तेवढ्यात मीटरने आकडा दिला होता. चौऱ्याऐंशी.

"शंभराच्या आत!" आम्ही ओरडलो.

इथेच खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण महिपतला राहवलं नाही. त्याने आपला मीटर त्याच तारांना लावून ठेवला होता. "सायेब, माज्या मीटरात येकसष्टच आलाय," तो अभिमानाने म्हणाला. आणि मग रावजींनाही राहवलं नाही. त्यांनी मुंबईहून ऑनलाइन मागवलेला मीटर आणला होता, जो भिंतीच्या प्लगला लावला की थेट वॅट दाखवतो. त्याच्यावर एकशे बत्तीस आले होते. त्याच बोर्डावर साहेबांचा पंखा आणि रावजींचा फोन होता, हे कोणीतरी लक्षात आणून दिलं. पण चालू चाचणीत उपकरणांची मांडणी बदलता येत नाही, असं साहेबांचं मत पडलं. उकडतही होतं.

"मंग खरा आकडा कुठचा?" सखूकाकींनी विचारलं.

या प्रश्नाने साहेब क्षणभर निरीक्षक राहिले नाहीत, इंजिनिअर झाले. "काकी, खरा असा एकच आकडा मीटर देत नसतो. प्रत्येक मापात थोडी अनिश्चितता असते. हे आमचे स्वस्तातले मीटर घरातल्या विजेसाठी केलेले, ती एका लयीत वरखाली होते. माणसाचा आवाज तसा नसतो. त्यामुळे 'सुमारे इतके' एवढंच म्हणता येतं."

एवढं शहाणपणाचं बोलणं तळीकोंडच्या सहाणेवर कित्येक वर्षांत झालं नव्हतं. दुर्दैवाने ते पुढे वरिष्ठांना कळवण्यात आलं. तिथून उत्तर आलं, की विहित नमुन्यात 'सुमारे' या शब्दाला जागा नाही. सबब अनिश्चिततेची जबाबदारी निश्चित करून ती अर्जदाराच्या नावे लावण्यात यावी.

त्याचा अर्थ असा, की तिन्ही मीटरांच्या पुस्तिका उघडून त्यांच्या बारीक अक्षरांतल्या चुका वॅटमध्ये मांडायच्या, बेरीज करायची, आणि ती आमच्या अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवायची. बेरीज पंचेचाळीस आली. रावजींचा मीटर भलतंच काहीतरी मोजतो, म्हणून तो पुढे चाचणीतून वगळण्यात आला. त्याची अनिश्चितता तेवढी ठेवण्यात आली. चौऱ्याऐंशी अधिक पंचेचाळीस म्हणजे एकशे एकोणतीस. अर्ज फेटाळला.

महिपत तालुक्याला गेला. "सायेब, मी यंत्र बंद केला तर किती धरणार?"

साहेबांनी प्रामाणिकपणे हिशेब केला. "शून्य अधिक पंचेचाळीस. पंचेचाळीस."

"बंद यंत्र पंचेचाळीस वॅट?"

"तसं आढळून येतं."

"आनि नसलाच तर?"

यावर मार्गदर्शन मागवावं लागेल, असं साहेब म्हणाले. महिपत परत आला आणि त्याने टेंपोवरचा पाच हजाराचा आकडा तारपीन लावून पुसायला घेतला. त्या दिवशी बायकोला त्याला जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

आम्ही अपील केलं. अपिलात आदेश झाला, की अनिश्चितता कमी करण्यासाठी चाचणी आणखी दोनदा घ्यावी. साहेब सांगत होते, की शास्त्रानुसार जितक्या वेळा मोजाल तितका आकडा खऱ्याच्या जवळ जातो. ते कागदावर खरं असेलही. आमच्याकडे जितक्या वेळा मोजलं तितका भागोजीबाबांचा आवाज कमी झाला, आणि ही गोष्ट मोजायला कोणाकडे मीटर नव्हता.

दुसऱ्या चाचणीला बाबांनी दोन मागणी मांडली. पहिलं ऐकू आलं. दुसऱ्याला त्यांचा घसा खरवडल्यासारखा वाजला, आणि साहेबांनी ती खरवड 'बाह्य गोंगाट' म्हणून नोंदवली. त्या दिवशी दुपारी आमच्यातले काही जण त्यांच्या घरी गेलो होतो. बाबा ओटीवर बसले होते. सखूकाकींनी त्यांच्यापुढे कोमट पाणी ठेवलं आणि आमच्याकडे बघितलंही नाही.

"किती उरलाय?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी अंगठा तर्जनीच्या पेरावर टेकवून दाखवलं. भातात मीठ घालताना घेतात तेवढी चिमूट. मग हसले. माणूस आपलं सगळं संपत आलेलं असताना असं हसतो, तेव्हा समोर बसवत नाही. आम्ही उठलो.

पण तिसरी चाचणी बाकी होती, आणि ती नाही झाली तर आधीच्या दोन्ही वाया जाणार होत्या. रावजी पुन्हा गेले. "बाबा, आता इथवर आलोय. शेवटचं एकच वाक्य." सखूकाकी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"रावजी, तुमी बोला की वाक्य. तुमचा घसा चांगला हाय."

"काकी, आवाज ज्याचा त्याचाच लागतो. साहेबांनी सांगितलंय."

"सायबाने सांगितलान. तुमाला काय वाटता?"

रावजींना काय वाटतं हे त्यांना कोणी बरेच दिवसांत विचारलं नसावं. शेवटी बाबाच उठले, काकींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पायात चप्पल घातली. आम्हाला फार बरं वाटलं. गावासाठी झिजणारी अशी माणसं आता राहिली नाहीत, असं आम्ही वाटेत एकमेकांना म्हणालो.

तिसऱ्या चाचणीआधी महिपतने आवाजाचं बटण इतकं खाली आणलं, की दोन्ही मीटरांचा मध्य बावन्न आला. बावन्न अधिक पंचेचाळीस, सत्त्याण्णव. त्याच जागी बटणावर लाखेची मोहोर उमटवण्यात आली. अशा तऱ्हेने सत्त्याण्णव वॅटची परवानगी मिळाली. त्यातले बावन्न अँप्लिफायरचे होते आणि पंचेचाळीस कक्षाचे. परवानगीसोबत तीन अटी होत्या, त्या रावजींनी फलकावर लिहून सहाणेशी लावल्या.

एक. गाऱ्हाणे घालण्यास हरकत नाही.

दोन. त्यास होकार देण्यात येऊ नये; होकार दिल्यास शक्ती मर्यादेबाहेर जाते, असे प्रयोगान्ती आढळले आहे.

तीन. देवास होकार द्यावयाचाच झाल्यास तो मनातल्या मनात द्यावा.

दुसऱ्या अटीवर काही जण कुरकुरले. पण तिसरी अट किती समजूतदार आहे हे रावजींनी पटवून दिलं. बंदी घातलेली नाही, फक्त जागा बदलली आहे, असं ते म्हणाले. तरीही कोणी चुकून बोललं तर, म्हणून छातीवर बिल्ले लावलेले स्वयंसेवक नेमले. स्वयंसेवक व्हायला एवढी गर्दी झाली, की बिल्ले कमी पडले.

शिमग्याला पालखी सहाणेवर आली. ढोल थांबले. साहेब मीटर घेऊन खुर्चीवर बसले होते, दुसरा मीटर महिपतच्या हातात होता. मुंबईची पोरं मोबाइल वर धरून उभी होती. भागोजीबाबा धुतलेला फेटा बांधून माईकसमोर आले, हात जोडले आणि बोलू लागले.

म्हणजे ओठ हलले. घशाची शीर ताणली गेली, मान थरथरली, पण कर्ण्यातून काहीही आलं नाही. माईक चालू होता. अँप्लिफायरचा दिवा लागलेला होता. महिपतने वायर हलवून पाहिली. साहेबांचा मीटर शून्य दाखवत होता आणि महिपतचाही. इतक्या चाचण्यांत दोन्ही मीटरांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, आणि ते खोटं नव्हतं; असं माप आयुष्यात एखाद्या वेळीच मिळतं.

बाबांचे ओठ थांबले. पहिलं मागणं संपलं होतं. रीतीप्रमाणे ते थांबले आणि त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

आम्ही फलकाकडे पाहिलं. काहींनी बिल्ल्याकडे पाहिलं. बाकीच्यांनी मनातल्या मनात होकार दिला असेल, त्याची नोंद कुठे नाही. बाबा थांबून राहिले. होकाराशिवाय पुढचं मागणं मांडायचं नाही. पालखीवरचा रुप्याचा मुखवटा उन्हात चमकत होता, आणि त्याच्याखेरीज नजर वळवायला आम्हाला दुसरी जागा नव्हती.

तेव्हा बायकांच्या बाजूने सखूकाकी चालत आल्या. गाऱ्हाण्याला बायका सहाणेवर चढत नाहीत. त्या चढल्या, बाबांच्या शेजारी माईकजवळ उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

साहेबांच्या मीटरवर दोन आले, महिपतच्या मीटरवर तीन. बाबांचे ओठ पुन्हा हलायला लागले. ते थांबले की काकी म्हणत, "व्हय म्हाराजा." एवढ्या वाड्या, एवढी घरं, एवढी माणसं; ते एकाचंही नाव विसरले नसतील. आम्हाला मात्र आपलं नाव केव्हा येऊन गेलं ते कळलं नाही. एक स्वयंसेवक पुढे सरकला होता, पण काकींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो बिल्ला खिशात घालून मागे गेला. साहेबांनी तो बारीक आवाज नीट मोजता यावा म्हणून मीटर लहान मापाच्या पट्टीवर आणला.

गाऱ्हाणं संपलं. सखूकाकी बाबांना धरून खाली आल्या. पायरीशी बाबू ड्रायव्हर उभा होता. त्याचे डोळे भरले होते.

"काकी, आमाला काय ऐकू न्हाय आला. शेवटी काय मागलान बाबांनी?"

"सगळ्यांचा मागून झाला," काकी म्हणाल्या. "शेवटाक म्हनाले, देवा, माजा आवाज गेला तो जावदे. गावाला आवाज दे."

त्या दोघांना वाट द्यायला आम्ही बाजूला झालो. तेवढ्यात साहेबांनी माईक हातात घेतला. समारोपाची घोषणा करणं त्यांच्या कामाचा भाग होता, आणि ती छापील होती. ते एकेक वाक्य वाचत आणि पुढचं शोधायला थांबत.

"तळीकोंड येथील कार्यक्रम नियमांचे पालन करून पार पडला आहे..."

साहेब थांबले. समोर पालखी, हातात माईक, आणि वाक्याच्या शेवटी ती नेमकी जागा.

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

"ध्वनिवर्धकाची शक्ती मर्यादेत होती..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्याही धार्मिक भावनेस बाधा आलेली नाही..."

"व्हय म्हाराजा!" आता स्वयंसेवकही सामील झाले होते. रावजींचा आवाज सगळ्यांत वर होता.

"कोणाचाही आवाज बंद करण्यात आलेला नाही."

"व्हय म्हाराजा!"

हा होकार इतका दणदणीत होता, की झाडावरचे कावळे उठले. पलीकडच्या वाडीतही तो ऐकू गेला म्हणतात. केदारलिंग जागृत आहे. भागोजीबाबांनी गावाला आवाज मागितला आणि त्याने तो सहाणेवरच दिला. महिपत तेवढा मीटरकडे पाहत होता. लहान पट्टीवर ठेवलेल्या साहेबांच्या मीटरवर आकडाच आलेला नव्हता. आकडा नाही म्हणजे उल्लंघन सिद्ध होत नाही, आणि अहवालात तसंच लिहिलं गेलं.

पुढे भागोजीबाबांचं ऑपरेशन झालं. गाठ काढली, आवाज गेला, माणूस वाचला. सखूकाकींना कक्षाची नोटीस आली, कारण शून्यावर असलेला मीटर त्यांनी दोनवर, किंवा महिपतच्या म्हणण्याप्रमाणे तीनवर, नेला होता. विनापरवाना होकार देणे असं त्या अपराधाचं नाव आहे. सुनावणीला त्या एकट्याच जातात, एसटीने. आम्ही कोणी सोबत गेलेलो नाही. नोटिशीत आमची नावं नाहीत. शंभर माणसांचा होकार मीटरला झेपला नाही, त्याला आम्ही काय करणार.

तुम्हीही आता म्हणाल, की असंच चालायचं, लोक असेच असतात, एकट्यादुकट्याने काय होणार. म्हणालात ना? मोठ्याने म्हणायची काही गरज नाही. तिसऱ्या अटीत ते बसतं.